सेट म्हटल्यावर

पिस्तूल वाजलंच नव्हतं, हे क्षिप्राला बरीच पावलं पळून झाल्यावर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की आजूबाजूला कुणाच्या पायांचा आवाज नाही. पुढे नुसता ट्रॅक, लालभडक, ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला, आणि त्यावर एकटी ती. एक क्षण तिला वाटलं, आपण सगळ्यांच्या इतक्या पुढे आलोय की मागचं काही ऐकूच येत नाही. तो क्षण फार सुंदर होता. नंतर किती तरी दिवस तो आठवायचा आणि आठवला की कान गरम व्हायचे. मग मागून पिस्तूल वाजलं, ते परत बोलावणारं, आणि ती थांबली. वळली तेव्हा बाकीच्या मुली आपापल्या ब्लॉक्सपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर दया होती आणि दयेच्या खाली सुटकेचा एक बारीक श्वास. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ तिच्या लेनसमोर आले आणि त्यांनी लाल-काळं कार्ड वर धरलं. पूर्वी म्हणे एक चूक माफ असायची, आता नसते. एकदा आधी सुटलीस की बाहेर.

पण तिने त्या कार्डाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तिला शिकवणाऱ्या सुझाना मॅडमकडेही नाही. वळल्यावर तिची नजर सगळ्यात आधी गेली ती स्टँडकडे, जिथे सलिल बसला होता. सलिल तिचा मोठा भाऊ, बावीस वर्षांचा. तो ठीक होता. एका हातात कुल्फी धरून दुसऱ्या हाताने ‘काय झालं?’ असं विचारत होता. कुल्फी वितळून त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली होती. तिला इतकं हायसं वाटलं की स्पर्धेतून बाद झाल्याचं दुःख यायला मिनिटभर उशीरच झाला.

“काय ऐकलंस?” सुझाना मॅडमनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. क्षिप्राच्या डोंबिवलीच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. ती कॉलेजात गेली तरी पहाटेचं ट्रेनिंग त्यांनी सोडलं नव्हतं. तरुणपणी त्या स्वतः अडथळ्यांची शर्यत पळायच्या. त्यांच्या गुडघ्यावर अजून एक पांढरट वण होता आणि विचार करताना त्या तो अंगठ्याने चोळत.

“काहीतरी वाजलं.”

“काय वाजलं?”

“माहीत नाही, मॅडम. मागे काहीतरी झालं.”

“मागे तुझं काय काम होतं गो? शर्यत पुढे असते.”

ठाण्याहून तिघं मॅडमच्या गाडीतून परत निघाली. बायपासवर ट्रेलर अडकले होते आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मागच्या सीटवर सलिल खिडकीला डोकं टेकून झोपला. क्षिप्रा पुढे बसली होती. वरच्या आरशात त्याचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि ती तो बघत होती. झोपेत तोंड किंचित उघडं, पापण्या स्थिर. साधी झोप आणि फिट येऊन गेल्यावरची झोप, या दोन झोपांमधला फरक तिला कळायचा. डॉक्टरांना मशीन लावून कळतो तो तिला श्वासावरून कळायचा. ही साधी झोप होती, उन्हातून आलेल्या माणसाची. तरी तिने नजर काढली नाही. मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग परत रस्त्याकडे.

ती तिसरीत असताना हे सुरू झालं. ठाकुर्लीच्या घरात दुपारी दोघंच असायची. आई बँकेत, बाबा एमआयडीसीत शिफ्टला. सलिल तेव्हा आठवीत. तो वरण-भात खात होता, आणि त्याचा चमचा ताटाला लागायचा तो आवाज एकदम थांबला. एवढंच. ती समोर चित्र रंगवत बसली होती, तिने वर पाहिलं, तर तो कुठेतरी तिच्या खांद्यापलीकडे बघत होता, जणू तिकडून कुणी हाक मारली आहे. मग खुर्ची गेली, ताट गेलं, तो गेला. फरशीवर त्याच्या टाचा आपटत होत्या. त्या टाचांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला आणि नंदाकाकू धावत वर आल्या. “चप्पल हुंगवा, चप्पल हुंगवा” म्हणत त्यांनी पायातली काढली. पहिल्या वेळी क्षिप्रा नुसती भिंतीला चिकटून उभी होती. दुसऱ्या वेळी नाही. मधल्या दिवसांत आईने तिला समोर बसवून शिकवलं होतं, एका उशीला सलिल समजून: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं टणक बाजूला, तोंडात काही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. आईचा आवाज बँकेतल्यासारखा होता, एकेक सूचना सुटी सुटी. शिकवून झाल्यावर मात्र ती ती उशी पोटाशी धरून बसली. दुसऱ्या वेळी नंदाकाकूंनी चप्पल काढली तेव्हा आठ वर्षांची क्षिप्रा दारात हात पसरून उभी राहिली. म्हणाली, “चप्पल नको. माझा दादा झोपेल आता थोडा वेळ.” काकू पुढे वर्षानुवर्षं बिल्डिंगमध्ये ही गोष्ट सांगत. एवढीशी पोर, पण काय धीराची! दरवेळी सांगताना ती अजून लहान व्हायची आणि धीर वाढायचा.

हळूहळू ती पडण्याच्या आधी पोचायला लागली. त्याच्या आवाजांचं एक विणकाम सतत तिच्या कानाशी चाललेलं असायचं. बाथरूममधलं पाणी, पायांचं घासणं, पेन टेबलावर आपटणं, नाकातल्या नाकात गुणगुणणं. ते तुटलं की तिचं शरीर आधी निघायचं, मग मन. अभ्यासावरून, झोपेतून, एकदा तर अंगाला साबण तसाच. तिने त्याला कमरेला धरून खाली बसवलेलं असायचं आणि मगच फिट यायची. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा शंभर मीटर पळाली तेव्हा सुझाना मॅडम पुन्हा पुन्हा शिट्टी वाजवून तिला सुरुवातच करायला लावत होत्या. “पाय साधारण आहेत,” त्या आईला म्हणाल्या, “पण ही सुटते कशी बघा. बाकीच्यांना आवाज ऐकू येतो तेव्हा ही अर्ध्या वाटेत असते.” आईला अभिमान वाटला. सगळ्यांना वाटला. कुणी विचारलं नाही, ही असं सुटायला कुठे शिकली.

आता सलिलला फिट येऊन दोन वर्षं होऊन गेली होती. नवीन गोळ्या मानवल्या होत्या. त्याने ग्राफिक डिझाइनचा कोर्स केला, दाढी वाढवली, गिटार विकत घेतली आणि कंटाळून विकली. तरी घरातली बाथरूमची कडी काढून टाकलेली होती ती परत कुणी बसवली नाही. आणि क्षिप्राचे कान तसेच राहिले.

बाद झाल्यानंतर तिचं सगळं बिघडलं. डोंबिवलीच्या मैदानावर पहाटे ती ब्लॉक्समध्ये पाय रोवायची. मॅडम “सेट” म्हणायच्या, ती कंबर उचलायची, आणि मग जी शांतता यायची ती तिला सहन व्हायची नाही. पूर्वी त्या शांततेत ती ताणलेल्या रबरासारखी असायची. आता त्यात शंका शिरली होती. हा आवाज खरा की माझ्या डोक्यातला? मॅडमच्या दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटल्या तरी ती एक श्वास थांबायची, खात्री करायला. तोवर बाकीच्या मुली निघून गेलेल्या असायच्या. तिची सगळ्यात चांगली वेळ बारा पॉइंट नऊ होती. आता ती तेराच्या पुढे पळू लागली. राज्यासाठीची निवड चाचणी जानेवारीत होती, शंभर आणि दोनशे मीटर दोन्हीची, आणि तिथे शंभरला बारा पॉइंट सातच्या आत आल्याशिवाय कुणी विचारणार नव्हतं. मॅडमनी तिला टेकडीवर पळवलं. घोडबंदर रोडच्या कडेला त्यांच्या माहेरचं गाव होतं, जुन्या वाडीच्या मागे जंगलाकडे चढणारी पायवाट होती. रविवारी तिथे नेऊन त्या तिला खालून वर, खालून वर अशा पळायला लावायच्या. खाली चाळीस मजल्यांचे टॉवर, वर पानगळीचा वास. चढावर तिचे पाय ठणठणीत चालायचे. मांड्या जळायच्या, पण ते जळणं तिला आवडायचं. त्यात काही शंका नव्हती. “पाय तर झाले,” मॅडम म्हणायच्या. त्यांच्या म्हाताऱ्या आईने दिलेली लाल भाताची पेज दोघी पायरीवर बसून प्यायच्या. “पण शर्यत चढावर नाय ना सुरू होत. ती थांबलेल्यातून सुरू होते. तुला थांबता येत नाय, पोरी.”

नोव्हेंबरात सलिलला कल्याणहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मसाल्यांच्या आणि लोणच्यांच्या घाऊक बाजारात पाकिटांची लेबलं छापणारं एक दुकान होतं. त्यांना कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा हवा होता. आई पोळ्या लाटत म्हणाली, “क्षिप्राला घेऊन जा बरोबर.” सलिल म्हणाला, “कशाला? तिला पण लेबलं करायचीत का?” आई लाटणं थांबवून म्हणाली, “तसं नाही रे. बाजाराची गर्दी, ऊन…” शर्टाची बाही दुमडत तो गेला. दार लागल्यावर आईने क्षिप्राकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. क्षिप्राने ओढणी चेहऱ्याला गुंडाळली आणि निघाली.

तो शेअर रिक्षाने गेला, ती मागच्या रिक्षाने. बाजारात शिरल्यावर नाकात मिरच्यांचा खकाणा गेला. हमाल “बाजू, बाजू” ओरडत पोती नेत होते, हातगाड्या कडेकडेने घुसत होत्या. तिला त्याची पाठ दिसत होती. इस्त्रीचा निळा शर्ट, घामाने मधोमध काळपट झालेला. तो बरा चालत होता. एका हातगाडीला वळसा घालताना त्याने हमालाशी काहीतरी विनोदही केला, हमाल हसला. तिला नवल वाटलं. घरात तो असा कुणाशी बोलत नसे. आणि मग भर रस्त्यात तो थांबला. पुढचा पाय अर्धवट, मान किंचित वर, नजर कुठेतरी लांब. तिच्या आतला तो धागा तुटला. मधलं काहीच तिला नंतर आठवेना. कुणाचा तरी खांदा लागला, वेलदोड्याची एक टोपली कलली, आणि तिने त्याला मागून कमरेला धरून खाली ओढलं होतं.

“ए! काय…” तो ओरडला. मग तिला ओळखून गप्प झाला. तो दुकानाची पाटी वाचत होता.

भोवती लोक जमले. टोपलीवाला शिव्या घालत होता. सलिलने वाकून वेलदोडे गोळा करायला घेतले, तीही वाकली. दोघं खाली बसून वेलदोडे वेचत होती तेव्हा तो अगदी हळू आवाजात बोलला.

“आईने पाठवलं?”

“नाही. मीच आले.”

“दोन वर्षं झाली, क्षिपू.”

“माहितीये मला.”

“माहितीये, पण पटत नाही तुला. तुम्ही दोघी माझ्याकडे बघता ना, तेव्हा मला वाटतं मी आत्ताच पडून उठलोय. रोज. चहा पिताना, टीव्ही बघताना. मी गप्प बसू शकत नाही घरात, माहितीये? गप्प बसलो की तू दारात येतेस. म्हणून उगाच गुणगुणत असतो मी. मला गाणंबिणं काही येत नाही.”

तिच्या ओंजळीत वेलदोडे होते. ते कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

“काळजी वाटते रे दादा.”

“काळजी नाहीये ही,” तो म्हणाला. “तू वाट बघतेस.”

तो उठला, गुडघे झटकले, शर्ट खोचला आणि समोरच्या दुकानात गेला. ती घरी आली आणि आईला म्हणाली, पोचला नीट. बाकी काही सांगितलं नाही. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. नोकरी मिळाली होती. सगळ्यांना पेढा दिला, तिलाही दिला, पण हातात. तोंडात भरवला नाही.

वाट बघतेस. हे वाक्य तिने किती तरी दिवस अंगावर बाळगलं, ओला कपडा बाळगावा तसं. आधी फक्त अन्याय वाटला. अंगाला साबण असताना पळाले मी. सहलीला गेले नाही मी. मग एका पहाटे, मैदानाला धावत फेऱ्या मारत असताना, गवतावर दव होतं आणि चपळशा काळ्या पक्ष्यांचा एक थवा खांबांवर बसला होता तेव्हा, तिला आठवलं की सलिल पडायचा त्या दुपारी ती किती मोठी असायची. तो झोपी गेला की ती त्याच्या उशाशी मांडी घालून बसायची, खालून काकू दबक्या पावलांनी यायच्या, आई बँकेतून धापा टाकत यायची आणि सगळे तिलाच विचारायचे: किती वेळ? कसा होता? आता कसा आहे? साऱ्या घराची किल्ली तिच्या हातात असायची. आणि गोळ्या मानवल्यावर पहिलं वर्ष निघून गेलं, तेव्हा आनंद झाला होता, खरा झाला होता, पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. रिकामं. सुट्टीत शाळेचा वर्ग दिसतो तसं. त्या रिकाम्याला तिने कधी नाव दिलं नव्हतं. सलिलने दिलं. तिचा वेग आपोआप मंदावला आणि ती ट्रॅकच्या कडेला उभी राहिली. लाज वाटली, पण गंमत म्हणजे त्याचबरोबर थोडं हलकंही वाटलं. इतके दिवस पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटत राहावं आणि वळून पाहिल्यावर आपलीच सावली दिसावी, तसं.

तिने मॅडमना सगळं सांगितलं. चमच्यापासून वेलदोड्यांपर्यंत. मॅडम गुडघा चोळत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “रविवारी आण त्याला इकडे.”

“तो माझ्याशी नीट बोलत नाही, मॅडम.”

“बोलायला नाय बोलवत. कामाला बोलवतेय.”

घरी येऊन ती त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि मग आठवून एक पाऊल मागे सरली. “दादा, मॅडमना तुझी मदत हवीये. मलापण.” तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “दुकानाला सुट्टी आहे रविवारी. झोपणार आहे मी.” पण रविवारी पहाटे तो बूट घालून दारात उभा होता.

मॅडमनी त्याला ब्लॉक्सच्या बरंच मागे उभं केलं, जिथे तो तिला दिसणार नाही, आणि लाकडी पट्ट्या त्याच्या हातात दिल्या. “मी सेट म्हणेन. मग तू हव्या तेवढ्या वेळाने वाजव. मधे काय वाट्टेल ते आवाज कर. ही हलली की पहिल्यापासून.” सलिलला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते क्षिप्राने पाहिलं नाही, पण ऐकलं. सेट. ती वर झाली. मागे सलिल खोकला. ती सुटली. परत. सेट. त्याने पाण्याची बाटली आपटली. ती सुटली. परत. सेट. तो म्हशीसारखा हंबरला. ती सुटली नाही, पण हसून तोंडावर पडली, मॅडमही हसल्या, खांबांवरचे पक्षी उडाले. कितीदा तरी झालं. बाकीच्या मुली येऊन बघत बसल्या. तळहातांना माती रुतली होती, खांदे थरथरत होते. हळूहळू तिला एक गोष्ट जाणवू लागली. आवाज येतात आणि जातात. ते तिच्या अंगावरून जातात, वारा जातो तसे, आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागत नाही. खोकला हा खोकला असतो. बाटली ही बाटली. फक्त एकच आवाज तिच्यासाठी असतो.

मग सेट म्हटल्यावर मागे काहीच झालं नाही. खोकला नाही, पाय घासणं नाही. शुद्ध शांतता, ती जुनी, ताटातला चमचा थांबल्यावरची. आणि त्या शांततेनंतर एक शरीर जमिनीवर पडल्याचा आवाज. जड, पूर्ण. कुणीतरी मुलगी “अय्या!” म्हणाली. क्षिप्राच्या मांड्या सुटायला ताणल्या गेल्या. तिच्या डोळ्यांसमोर मातीवरची पांढरी रेघ होती, त्या रेघेच्या अलीकडे तिची दहा बोटं होती. आणि ती बोटं जागची हलली नाहीत. तो नाटक करतोय हे तिला माहीत नव्हतं. खात्री नव्हती. मॅडम आहेत मागे, एवढं तिला माहीत होतं. त्या मुली आहेत. मी एकटी नाहीये इथे. हे वाक्य तिने म्हटलं नाही, तिच्या पाठीला ते कळलं. डोळ्यांतून पाणी रेघेवर पडलं. मग जमिनीच्या जवळून, आडव्या माणसाने वाजवावं तशा खालून, पट्ट्या वाजल्या.

ती गेली. ती कशी गेली ते मॅडम पुढे कुणाकुणाला सांगत. वळून आली तेव्हा सलिल मातीत उताणा पडला होता, हातात पट्ट्या, शर्टाची वाट लागलेली, आणि हसत होता. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या खांद्यावर एक जोरात गुद्दा मारला. “नालायक आहेस तू.” “हो,” तो म्हणाला. “पण तू आली नाहीस.” “नाही आले.” “मस्त वाटलं मला,” तो म्हणाला, आणि आभाळाकडे बघत बराच वेळ तसाच पडून राहिला. त्याला कुणी उठवलं नाही.

चाचणीच्या दिवशी सलिल आला नाही. संक्रांत तोंडावर होती आणि तीळगुळाच्या पाकिटांची कामं अंगावर आली होती. “तुला मी लागत नाही,” तो सकाळी दात घासत म्हणाला, “आणि लक्ष्मीताईंना लागतो.” लक्ष्मीताई म्हणजे दुकानाच्या मालकीणबाई. आई म्हणाली, मी येते. क्षिप्रा म्हणाली, बँक बुडवू नकोस गं, मॅडम आहेत. ठाण्याच्या त्याच ट्रॅकवर, त्याच स्टँडसमोर ती ब्लॉक्स लावत होती. हवा थंड, ऊन पातळ. शेजारच्या लेनमधली मुलगी ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव असावं. ऑन युवर मार्क्स. तिने हात टेकले. स्टँडमध्ये एक लहान मूल रडत होतं, बाहेरच्या रस्त्यावर बसचा हॉर्न, कुणाच्या तरी फोनवर भलतंच गाणं. सगळं होतं, आणि होतं तिथे राहिलं. सेट. तिची कंबर वर गेली आणि ती थांबली. थांबणं ही काही न करण्याची गोष्ट नाही, हे तिला त्या एवढ्याशा वेळात कळलं. ते भरलेलं असतं, घागर काठोकाठ भरते तसं. पिस्तूल वाजलं. पहिली पावलं तिला जमिनीतून वर ओढून काढावी लागली, खांदे खाली, नजर खाली, मग हळूहळू सगळं उभं झालं, रेघा वाहू लागल्या, डाव्या बाजूला एक श्वास तिच्याबरोबर येत होता, कधी मागे, कधी पुढे. शेवटी तो श्वास किंचित पुढे गेला. तिने छाती झोकून दिली. रेघ गेली. ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, तोंडात पितळेची चव. बोर्डावर आकडे यायला वेळ लागला. ती दुसरी आली होती. बारा पॉइंट सहा.

मॅडमनी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि कपाळावर कपाळ आपटलं. त्यांचे डोळे भरले होते. मग म्हणाल्या, “घरी फोन कर. आणि पाणी पी.” तिने बॅगेतून फोन काढला आणि आधी सलिलला लावला. बराच वेळ वाजला. उचलला तो एका बाईने.

“तूच का गं ती पळणारी? लक्ष्मीताई बोलतेय. घाबरू नकोस हां, आता सगळं ठीक आहे.”

क्षिप्रा खाली बसली. कुठे बसतोय ते न बघता.

“पडला गं मघाशी. प्रिंटरपाशी. पण त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला सगळं शिकवून ठेवलेलं. दुकानातल्या पोरांना रांगेत उभं करून, स्वतः फरशीवर झोपून दाखवलेलं, असं वळवा, तसं करा म्हणून. आम्ही हसलेलो तेव्हा. आज पोरांनी बरोब्बर तस्संच केलं. चार मिनिटंसुद्धा नाही झाली. डॉक्टर बघून गेले. गोळी चुकली होती म्हणे रात्रीची, कामाच्या धांदलीत. थांब, जागा आहे तो, देते.”

मधे खरखर, मग त्याचा आवाज. जड, जिभेला अजून झोप लागलेली.

“किती?”

“दादा…”

“किती, सांग ना.”

“बारा सहा. दुसरी.”

तो गप्प राहिला. ती त्या गप्प राहण्यात थांबून राहिली. पलीकडे छपाईचं मशीन खडखडत होतं, कुणीतरी कुणाला चहा विचारत होतं.

“भारी,” तो म्हणाला. “जीभ चावलीये मी, नीट बोलता येत नाहीये. पण भारी.”

“मी येते तिकडे. मॅडमच्या गाडीतून लगेच…”

“दोनशेची कधी आहे?”

तिने ट्रॅककडे पाहिलं.

“क्षिपू, दोनशेची शर्यत कधी आहे?”

“तासाभराने.”

“मग? इथे येऊन काय करशील? मी झोपणार आहे. हे लोक मला तीळगुळाच्या पोत्यांवर झोपवतायत, मस्त आहे. आईला मीच फोन करतो, तू नको करूस, ती तुझ्या आवाजाने घाबरेल.” थोडं थांबून तो म्हणाला, “वाईट वाटलं गं. दोन वर्षं झाली होती. वाटलं होतं, संपलं.”

“हो.”

“पण फार नाही वाटलं. उठलो तेव्हा एक पोरगा माझ्या डोक्यावर लेबलांच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि दुसरा त्याला म्हणत होता, हळू घाल, सर्दी होईल.” तो हसला असावा. “जा, ठेव आता.”

फोन ठेवल्यावर ती तिथेच बसून राहिली. तो पडला तेव्हा आपण नेमकं कुठे होतो, हे शोधायचा तिने प्रयत्न केला. ब्लॉक्स लावत असताना? हात टेकले तेव्हा? तिला काहीच कळलं नव्हतं. काहीही तुटलं नव्हतं. ती इथे होती आणि तो तिथे पडला आणि उठला. भीती वाटायला हवी होती आणि वाटत होतीही, पण तिच्या बाजूला दुसरं काही बसलं होतं आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. कल्याणच्या बाजारात, मिरच्यांच्या वासात, तिने कधी न पाहिलेली मुलं त्याच्याभोवती गुडघे टेकून बसली होती. तिला त्यांची नावं विचारायची राहिली.

मॅडम पाण्याची बाटली घेऊन आल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून थबकल्या. “काय झालं गो?” तिने सांगितलं. मॅडम तिच्याशेजारी बसल्या. घरी जायचं का, असं त्यांनी विचारलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. मैदानावर उंच उडीचा बार खाली पडला, कुणीतरी तो परत लावला. क्षिप्राने बाटली अर्धी प्यायली, उरलेलं पाणी मानेवर ओतलं आणि मोजे काढून उलटे करून झटकले. पाय सुजल्यासारखे झाले होते, पोटऱ्या धडधडत होत्या. तिने एकेक पोटरी दाबून पाहिली. चालतील.

कॉल रूमपाशी एक तरुण पंच हातात पाटी घेऊन मुलींना लेनप्रमाणे उभं करत होता. दोनशेच्या मुली जमत होत्या, मघाची ती पुटपुटणारीही होती. तिने क्षिप्राला बघून मान हलवली, क्षिप्राने तिला हलवली. पंच घाईत होता. “तीन आली. चार आली. पाच कोण? लेन पाच?” त्याने इकडे तिकडे पाहिलं. “पाच नंबर आहे का कोणी, की गेली?”

“आहे,” क्षिप्रा म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधत पुढे झाली. “मी आहे.”